१७६७ रुग्णांचा हिशेब

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात लंडन नावाचे एक शहर आहे. १९७०च्या दशकात तिथल्या न्यूरोसर्जरी विभागात एक शस्त्रक्रिया होत असे, ती शस्त्रक्रियागृहात संपतच नसे. कवटी उघडून मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमनीभोवती एक दोरा ओवायचा, त्याची टोके प्लास्टिकच्या बारीक नळीतून डोक्याच्या त्वचेपर्यंत आणायची आणि जखम शिवून टाकायची. धमनीला अजून काहीही केलेले नसे. काही दिवसांनी, रुग्ण पूर्ण शुद्धीवर असताना, सर्जन तो दोरा आवळू लागत. आवळता आवळता रुग्णाशी बोलत राहायचे, हात उचलायला सांगायचे, डोळ्यांची हालचाल पाहायची. जीभ अडखळली किंवा हात लुळा पडू लागला, की दोरा लगेच सैल. काही बिघडले नाही, तर तो तसाच आवळलेला ठेवायचा. मेंदूचा एक मुख्य रक्तपुरवठा जाणूनबुजून बंद करायचा आणि तो रुग्ण जगतो का, हे त्याच्याच तोंडून ऐकायचे, असा हा उपचार होता.

तो करणाऱ्या सर्जनचे नाव चार्ल्स ड्रेक. मेंदूतल्या मोठ्या ॲन्युरिझमच्या इतिहासात सूक्ष्मदर्शकाचे, क्लिपांचे आणि कुशल हातांचे कौतुक पुष्कळ झाले आहे, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या मते या इतिहासाचा खरा कणा ड्रेक यांच्यासारख्यांनी ठेवलेल्या नोंदी हा आहे. कोण वाचला, कोण अपंग झाला, कोण दगावला आणि कशामुळे, हे त्यांनी वर्षानुवर्षे लिहून ठेवले आणि भर सभेत मांडले.

मेंदूच्या धमनीची भिंत एखाद्या जागी कमजोर होते आणि रक्ताच्या दाबाने तिथे फुगवटा येतो, सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. हाच ॲन्युरिझम. बहुतेक फुगे लहान असतात आणि त्यातले कित्येक कधीच फुटत नाहीत. फुटला, तर मात्र आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी एका क्षणात सुरू होते, आणि अनेकांना रुग्णालय गाठायलाही वेळ मिळत नाही. अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या फुग्यांना महाकाय म्हणतात. एकूण ॲन्युरिझममध्ये त्यांचे प्रमाण साधारण ५ टक्के. पण त्यांचा स्वभावच वेगळा. लहान फुग्याला सहसा बारीक मान असते, तिला चिमटा लावला की काम भागते. महाकाय फुग्याची मान रुंद असते, कधी ती नसतेच. आत जुन्या रक्ताच्या गुठळ्यांचे थर, भिंतीत चुन्यासारखा कडकपणा, आणि मेंदूला रक्त नेणाऱ्या शाखा थेट फुग्यातूनच निघालेल्या. फुटण्याआधीच तो शेजारच्या नसांवर बसतो. एखाद्याची दृष्टी जाते, एखाद्याची पापणी पडते, एखाद्याला गिळता येईनासे होते. मेयो क्लिनिकच्या पुढाकाराने झालेला आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला आंतरराष्ट्रीय अभ्यास सांगतो की उपचाराविना राहिलेले महाकाय ॲन्युरिझम पाच वर्षांत फुटण्याचे प्रमाण मेंदूच्या पुढच्या भागातल्या धमन्यांवर ४० टक्के आणि मागच्या भागातल्या धमन्यांवर ५० टक्के असते.

दोरा आवळण्याची कल्पना मुळात ड्रेक यांची नव्हे. डिसेंबर १७८५ मध्ये इंग्लंडमधल्या लंडनला, सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये, जॉन हंटर यांनी एका ४५ वर्षांच्या घोडागाडीवानावर शस्त्रक्रिया केली. त्याच्या गुडघ्यामागे धमनीचा मोठा फुगा होता. तोवर अशा रुग्णाचा पाय कापत, नाहीतर फुगाच उघडत, आणि दोन्हींत मृत्यूचा धोका फार मोठा असे. हंटर यांनी फुग्याला हात लावला नाही. त्यांनी वर मांडीत धमनी बांधली. आजूबाजूच्या लहान रक्तवाहिन्यांनी पायाला रक्त पुरवले, फुग्यातला प्रवाह मंदावला, आत रक्त गोठले आणि फुगा आक्रसला. तो माणूस सहा आठवड्यांत घरी गेला. सव्वा वर्षाने तो वेगळ्याच तापाने वारला, तेव्हा त्याचा पाय तपासला गेला आणि फुगा खरोखरच लहान व घट्ट झालेला आढळला. फुगा सोडून रक्ताच्या वाटेवर इलाज करण्याची ही रीत पुढे दोनशे वर्षे या क्षेत्राचा पाठलाग करत राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ॲस्टली कूपर यांनी मानेतली कॅरोटिड धमनी बांधली. १८०५चा त्यांचा पहिला रुग्ण दगावला, १८०८चा वाचला आणि पुढे १३ वर्षे जगला. १८८५ मध्ये व्हिक्टर हॉर्स्ले यांनी मेंदूतली गाठ समजून कवटी उघडली, तर आत महाकाय ॲन्युरिझम निघाला. त्यांनीही मानेतच धमनी बांधून मार्ग काढला. मेंदूत थेट फुग्यापर्यंत जाण्याचे धाडस मात्र अजून कुणी केले नव्हते, कारण फुगा नेमका कुठे आहे हे कवटी उघडल्याशिवाय कळायची सोयच नव्हती. ती सोय पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी केली. जून १९२७ मध्ये लिस्बनला त्यांनी कॅरोटिड धमनीत आयोडीनयुक्त द्रव सोडून जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्यांचे एक्स-रे चित्र मिळवले. मोनिझ यांना १९४९ साली नोबेल मिळाले ते लोबोटॉमीसाठी. मेंदूच्या पुढच्या भागाचे जोड तोडणाऱ्या त्या शस्त्रक्रियेने असंख्य माणसांचे वाटोळे केले. त्यांच्या अँजिओग्राफीने लाखोंना वाचवले, आणि गौरव तिचाच व्हायला हवा होता.

१९३१च्या एप्रिलमध्ये एडिंबराला नॉर्मन डॉट यांनी ठरवून ॲन्युरिझमवर पहिली थेट शस्त्रक्रिया केली. फुगा समोर आला आणि हाताखालीच फुटला. एक सहकारी रुग्णाच्या पायातून स्नायूचा तुकडा काढत होता. तो तुकडा डॉट यांनी रक्त येणाऱ्या जागेवर ठेवला आणि १२ मिनिटे तसाच दाबून धरला. मग फुग्याभोवती स्नायू गुंडाळला. रुग्ण बरा झाला. सहा वर्षांनी, २३ मार्च १९३७ रोजी, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये वॉल्टर डँडी यांनी ४३ वर्षांच्या एका माणसाच्या फुग्याच्या मानेवर चांदीची छोटी क्लिप बसवली. फुगा गेला, धमनी शाबूत राहिली. आजही क्लिपिंगची मूळ कल्पना हीच आहे.

डँडी यांच्या यशानंतरची तीस वर्षे फार सुखाची नव्हती. उघड्या डोळ्यांनी, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात, मेंदू बाजूला दाबून एक-दोन मिलिमीटरच्या धमन्यांशी झुंजायचे. फुगा फुटला की सारे क्षेत्र रक्ताने भरून जायचे. कित्येक चांगले सर्जन या कामापासून दूर राहिले. १९५३ साली झाइस कंपनीने शस्त्रक्रियेसाठीचा सूक्ष्मदर्शक बाजारात आणला, पण तो वापरत कानाचे डॉक्टर. मेंदूच्या शस्त्रक्रियेत तो पहिल्यांदा आणला लॉस एंजेलिसच्या थिओडोर कुर्झे यांनी, १९५७ मध्ये. त्याला खरा अर्थ दिला तो मात्र एका तुर्की माणसाने.

माहमुत गाझी याशारगिल यांचा जन्म १९२५ मध्ये दियारबाकिर प्रांतातल्या लिजे गावचा. महायुद्ध चालू असताना ते शिकायला जर्मनीत गेले, तिथून स्वित्झर्लंडला, आणि झुरिचला ह्यूगो क्रायेनब्यूल यांच्या हाताखाली सर्जन झाले. १९६५ मध्ये ते अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, बर्लिंग्टनला, पीर्डन डोनॅघी यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे त्यांनी वर्षभराहून अधिक काळ सूक्ष्मदर्शकाखाली प्राण्यांच्या बारीक धमन्या कापल्या आणि परत शिवल्या. चाळिशीला आलेला, नाव झालेला सर्जन पुन्हा विद्यार्थी होऊन दिवसभर टाके घालत बसतो, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या मानसन्मानांहून मोठी वाटते. जानेवारी १९६७ मध्ये झुरिचला परतून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया सुरू केल्या. कवटीच्या तळाचे हाड घासून मेंदूला न दाबता खाली शिरण्याची वाट त्यांनी घडवली. मेंदूभोवतीच्या पाण्याच्या नैसर्गिक पोकळ्या एकेक करून उघडत धमनीपर्यंत पोहोचायला शिकवले. सूक्ष्मदर्शक हातांनी हलवावा लागू नये म्हणून तो तोलून टांगला आणि तोंडाने चालणारा स्विच बसवला. त्यांची पत्नी डियान शस्त्रक्रियागृहातली परिचारिका होती. कोणते हत्यार केव्हा लागेल ते तिला विचारावे लागत नसे. लहान आणि मध्यम ॲन्युरिझमचे चित्र या माणसाने बदलून टाकले.

मोठे फुगे मात्र सूक्ष्मदर्शकालाही सहजी वश झाले नाहीत. भिंगातून मान स्पष्ट दिसली, म्हणून ती अरुंद होत नाही. कडक, गुठळ्यांनी भरलेल्या फुग्यावर लावलेली क्लिप घसरते, किंवा मूळ धमनीलाच चिमटते. मग फुग्याच्या दोन्ही बाजूंना तात्पुरत्या क्लिपा लावून रक्त थांबवायचे, फुगा चिरायचा, आतल्या गुठळ्या उपसायच्या, भिंत मऊ झाली की एकीपुढे एक क्लिपा रचून धमनीची नळी नव्याने घडवायची, आणि हे सगळे मेंदूचा तो भाग रक्ताविना तग धरेल तेवढ्या मिनिटांत. जपानच्या केनिचिरो सुगिता यांनी यासाठी नाना आकारांच्या क्लिपा बनवल्या. टेक्सासमधल्या डॅलसच्या सर्जननी गळ्यातल्या धमनीतून रक्त मागे शोषून घेऊन फुगा ढिला करण्याची युक्ती काढली.

सर्वांत अवघड जागा मागच्या बाजूला होती. कवटीच्या खोल मध्यावर बॅसिलर धमनी आहे. मस्तिष्कस्तंभाला, म्हणजे श्वास, जाग आणि हालचाल सांभाळणाऱ्या भागाला, ती रक्त देते. तिच्या टोकावरच्या फुग्यावर शस्त्रक्रिया करणे म्हणजे रुग्णाला मारणे, असे १९५०च्या दशकात बहुतेकांचे मत होते. ड्रेक यांनी तिथेच काम सुरू केले. विंडसर शहरात १९२० साली जन्मलेले ड्रेक टोरंटोला केनेथ मॅकेन्झी यांच्याकडे शिकले आणि १९५२ पासून ऑन्टारिओतल्या लंडनला एकट्याने न्यूरोसर्जरी करू लागले. १९६१ साली त्यांनी बॅसिलर धमनीच्या चार फुटलेल्या ॲन्युरिझमवरच्या थेट शस्त्रक्रियांचा लेख लिहिला. कानाच्या वरून, मेंदूचा बाजूचा भाग हळूच उचलून, त्याच्याखालून ते आत शिरत.

सुरुवातीला अपयशे आली. फुगा नीट बंद झाला तरी काही रुग्ण शुद्धीवर येईनात. ड्रेक यांनी कारण शोधले. बॅसिलरच्या टोकामागून केसाएवढ्या बारीक शाखा थेट मेंदूच्या गाभ्यात शिरतात. क्लिपच्या पात्यात त्यातली एखादीच सापडली, तरी रुग्ण हातचा जातो. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. परिषदांमध्ये ते आपले बिघडलेले रुग्णच आधी मांडत आणि चूक कुठे झाली ते दाखवत, म्हणजे दुसऱ्या गावातला सर्जन तीच चूक करणार नाही. १९६९ मध्ये त्यांनी पात्यात भोक असलेली क्लिप बनवून घेतली. भोकातून महत्त्वाची धमनी किंवा नस सुरक्षित राहते आणि पुढच्या पात्यांनी फुगा बंद होतो. आज जगभर वापरली जाणारी ही साधी दिसणारी वस्तू मेलेल्या रुग्णांच्या नोंदींतून जन्माला आली आहे.

पण महाकाय फुग्यांना ती क्लिपही पुरेना. तेव्हा ड्रेक हंटर यांच्या वाटेला लागले. क्लिप बसत नसेल, तर फुग्याला रक्त देणारी धमनीच बंद करायची आणि फुग्यात रक्त गोठू द्यायचे. धोका उघड होता. मेंदूच्या तळाशी पुढच्या आणि मागच्या धमन्यांना जोडणाऱ्या दोन बारीक वाहिन्या असतात. त्या जाड असतील तर पुढचे रक्त मागे येते. बारीक असतील तर मस्तिष्कस्तंभ मरतो. अँजिओग्राममध्ये त्या पाहायच्या, आणि तरी शंका राहिली तर दोरा ओवून, जाग्या रुग्णावर, हळूहळू आवळायचा. १९७९ मध्ये त्यांनी १७४ महाकाय ॲन्युरिझमचा अनुभव मांडला. १९९३ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी बॅसिलर किंवा व्हर्टिब्रल धमनी बंद केलेल्या २०१ रुग्णांचे दीर्घकालीन निकाल छापले. तीन चतुर्थांशाच्या आसपास रुग्ण चांगले जगले, सुमारे एक चतुर्थांश दगावले. क्लिप लावताच येत नव्हती, अशा माणसांचे हे निकाल आहेत.

ऑन्टारिओतल्या त्याच लंडन शहरात, युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये, ड्रेक यांचे सहकारी होते न्यूरॉलॉजिस्ट हेन्री बार्नेट. ऑक्टोबर १९६७ मध्ये याशारगिल यांनी डोक्याच्या कातडीतली धमनी मेंदूच्या आतल्या धमनीला जोडून दाखवली होती. ही बायपास शस्त्रक्रिया पक्षाघात टाळेल, अशी मोठी आशा होती आणि ती जगभर धडाक्यात सुरू झाली. बार्नेट यांनी १३७७ रुग्णांची चाचणी घेतली, आणि १९८५ मध्ये निकाल आला की पक्षाघात टाळण्यासाठी तिचा उपयोग नाही. अनेक सर्जन संतापले. पण आकडे आकडे होते. महाकाय ॲन्युरिझममध्ये मात्र बायपास टिकला, कारण तिथे मूळ धमनी बंद करण्याआधी मेंदूला दुसरीकडून रक्त पोहोचवणे खरोखर लागते. मेयो क्लिनिकच्या थोरॅल्फ सन्ड्ट यांनी पायातली शीर वापरून मोठे बायपास रूढ केले. स्वतःला अस्थिमज्जेचा कर्करोग असतानाही ते जवळजवळ शेवटपर्यंत शस्त्रक्रिया करत राहिले. १९९२ मध्ये ते गेले.

ॲरिझोनातल्या फिनिक्सला, बॅरो इन्स्टिट्यूटमध्ये, रॉबर्ट स्पेट्झलर यांनी सर्वांत टोकाचा मार्ग धरला. हृदय-फुप्फुस यंत्रावर शरीर थंडगार करून हृदय थांबवायचे, सगळे रक्ताभिसरण बंद करायचे, आणि त्या निःशब्द, रिकाम्या अवस्थेत फुग्याची मान बांधायची. १९६०च्या दशकात हा प्रयोग करून लोकांनी सोडून दिला होता. स्पेट्झलर यांनी तो १९८०च्या दशकात परत आणला. त्यांच्या संस्थेने २०११ मध्ये १०३ रुग्णांचा हिशेब दिला, तेव्हा शस्त्रक्रियेच्या सुमारास १४ टक्के दगावल्याचे दिसले. एवढी किंमत फार थोड्या फुग्यांसाठी देण्याजोगी आहे, हे त्या आकड्यांनीच सांगितले, आणि ही पद्धत मागे पडत गेली.

तोवर मांडीतून नळी घालून मेंदूपर्यंत जाणारे डॉक्टर पुढे आले होते. १९९० मध्ये लॉस एंजेलिसला ग्विडो गुलिएल्मी यांनी फुग्यात प्लॅटिनमची मऊ तार सोडली. २००२ मध्ये २१४३ रुग्णांच्या आयसॅट चाचणीने सांगितले की फुटलेल्या ॲन्युरिझममध्ये एका वर्षाने मृत्यू किंवा परावलंबित्व क्लिपनंतर ३०.६ टक्के आणि तारेनंतर २३.७ टक्के. त्यानंतर जगभर क्लिपिंग घटले. पण त्या चाचणीतले नऊ दशांशांहून अधिक फुगे लहान होते. मोठ्या फुग्यात तार दबते, फुगा पुन्हा उघडतो. मोठ्यांसाठी वेगळे काही हवे होते.

त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली २०११ मध्ये. फुग्यात काहीच न भरता, मूळ धमनीत दाट विणीची जाळी बसवायची. प्रवाह सरळ पुढे जातो, फुग्यात रक्त मंदावून गोठते. म्हणजे हंटर यांचीच युक्ती, फक्त धमनी न बांधता. कॅरोटिडवरच्या मोठ्या, रुंद मानेच्या फुग्यांच्या १०८ रुग्णांच्या अभ्यासात एका वर्षाने ८६.८ टक्के फुगे पूर्ण बंद झाले. मोठा पक्षाघात किंवा मृत्यू ५.६ टक्के. काहींनी घाईने हीच जाळी बॅसिलरवरच्या मोठ्या फुग्यांत वापरली. अमेरिकेतल्या बफेलोच्या पहिल्या ७ रुग्णांपैकी ४ दगावले. बॅसिलरवरचे फुगे किती दगाबाज असतात, हे ड्रेक चाळीस वर्षांपूर्वीच बजावून गेले होते. बफेलोच्या डॉक्टरांनीही आपले निकाल लपवले नाहीत, आणि त्यामुळे पुढचे कित्येक रुग्ण वाचले.

ड्रेक निवृत्त होताना त्यांच्या कपाटांत सगळे कागद शिल्लक होते. फिनलंडचे सर्जन युहा हेर्नेस्निएमी लंडनला येऊन त्या नोंदी चाळत बसले. १९९६ मध्ये ड्रेक, सिडनी पीअरलेस आणि हेर्नेस्निएमी यांच्या नावाने ग्रंथ निघाला: मेंदूच्या मागच्या धमन्यांच्या ॲन्युरिझमचे १७६७ रुग्ण, यश आणि अपयश, दोन्ही. दोन वर्षांनी ड्रेक वारले. आज त्यांच्या शस्त्रक्रियांपैकी बऱ्याच कुणी करत नाही, त्यांची जागा तार आणि जाळीने घेतली आहे. पण बॅसिलरच्या फुग्याबद्दल निर्णय घ्यायचा असला की सर्जन अजूनही त्या ग्रंथाकडे वळतात.

तुमच्या घरात कुणाला मोठा ॲन्युरिझम निघाला, तर क्लिप, तार, जाळी, बायपास यांपैकी काय, हा प्रश्न येईलच. त्याआधी डॉक्टरांना हे विचारा: असे किती रुग्ण तुम्ही स्वतः केलेत, आणि त्यांचे काय झाले? विचारताना संकोच करू नका, आणि जिथे या प्रश्नाचे नीट उत्तर मिळेल तिथेच शस्त्रक्रिया करून घ्या.